शेडसाहेबांचा ओटा

आपण घरात आणलेल्या एकाही वस्तूला आजवर कव्हर मिळालेलं नाही, हे शल्य शेडसाहेबांनी कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवण्यासारखं ते नव्हतंच. पण त्या घरात कव्हराला काय मान होता हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यांचं दुःख कळेल.

त्या घरात आवडलेली वस्तू झाकायची, असा रिवाज होता. रिवाज मूळचा आईंचा, म्हणजे शेडसाहेबांच्या मातोश्रींचा. पण सुनेनं तो इतक्या मनापासून उचलला होता की आता कोण कोणाला शिकवतंय हे कळत नसे. टीव्हीचा रिमोट अजून दुकानातल्याच प्लास्टिकमध्ये होता. सोफ्याला कव्हर होतं आणि त्या कव्हराला रोजच्या वापराचं आणखी एक कव्हर होतं. मिक्सरला झालरीचा झगा होता. प्रवासाच्या बॅगेला इतकी घट्ट पिशवी शिवलेली होती की आतली बॅग नेमकी कुठल्या रंगाची आहे यावरून नवराबायकोत एकदा भर स्टेशनवर वाजलं होतं. आणि जी वस्तू मनात भरली नाही, ती उघडी. शेडसाहेबांनी हौसेनं आणलेली आरामखुर्ची पहिल्या दिवसापासून उघडी होती. त्यांनी आणलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडं होतं. त्यांनी आणलेल्या उंच पितळी फुलदाणीत तर आईंनी त्याच संध्याकाळी ओली छत्री उभी केली. कोणी वाईट म्हणून एक अक्षर बोललं नाही. छत्री मात्र तिथंच राहिली.

बरं, माणूस दुसरा कुठला असता तर एक वेळ चाललं असतं. शेडसाहेब रंगाच्या कारखान्यात होते. डब्यातला रंग मंजूर नमुन्याशी जुळतो की नाही ते बघून शिक्का मारायचा, हे त्यांचं काम, म्हणून तर सगळे त्यांना शेडसाहेब म्हणत. त्यांच्या खात्याचा पहिला नियम असा होता की नमुन्याला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा लागला की रंग बदलतो. बघायचं ते डोळ्यांनी, तेही हात पाठीमागं बांधून. ही सवय त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की बाजारात टोमॅटोसुद्धा ते हात मागं बांधून निवडत, आणि घरी आल्यावर त्यातले निम्मे मऊ निघत. दिसायला सुरेख असत, हे आईसुद्धा मान्य करत.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा. ओट्यावरचं लॅमिनेट पाणी पिऊन पिऊन कडेला फुगलं होतं. उचललेली कड चिकटपट्टीनं दाबली होती, चिकटपट्टीची कड दुसऱ्या चिकटपट्टीनं. बायकोची बाही त्यात रोज अडकायची. एक दिवस त्या कडेचा टवका उडून थेट सुपाच्या पातेल्यात पडला आणि तो शेडसाहेबांच्याच वाटीत आला. त्यांनी तो चावून बघितला आणि मगच विचारलं, हे काय आहे म्हणून.

"नवा ओटा करायचा," बायकोनं तिथल्या तिथं जाहीर केलं. "आणि या वेळी तुम्ही निवडा. मी एक शब्द बोलणार नाही."

"म्हणजे? चांगला झाला तरी?"

"चांगला झाला तरी नाही आणि वाईट झाला तरी नाही. मागं पडदे मी निवडले, तर तुम्ही ते खिडकीपाशी धरलेत आणि म्हणालात, यात पिवळा जास्त पडलाय. तेव्हापासून मला त्या पडद्यांत पिवळ्याशिवाय काही म्हणता काही दिसत नाही. आता तुमचं तुम्ही बघा."

दुसरा एखादा नवरा खट्टू झाला असता. शेडसाहेबांना स्फुरण चढलं. हा ओटा असा निवडायचा, की बायकोला तो मनापासून आवडला पाहिजे. इतका की तिचा हात आपणहून काहीतरी झाकायला शोधू लागला पाहिजे. हे अर्थात ते कोणाला बोलले नाहीत.

लॅमिनेटच्या दुकानात भिंतभर नमुने टांगलेले होते आणि त्यांच्यापुढं एक गोड बोलणारा विक्रेता उभा होता. त्याच्याकडे राखाडी नावाचा रंगच नव्हता. 'पहाटेचं धुकं' होतं, 'शांत राख' होती, 'ढगाची सावली' होती.

"साधा पांढरा दाखवा," शेडसाहेब म्हणाले.

"साहेब, साधा पांढरा असा काही नसतोच."

शेडसाहेबांना गहिवरून आलं. कारखान्यात नव्या माणसांना ते हेच वाक्य ऐकवत आले होते. ते खुर्चीवर बसले, आणि दुकानानं शटर अर्धं ओढलं तेव्हा पिशवीभर नमुने घेऊन बाहेर पडले. नमुने परत आणून देण्याच्या बोलीवर.

त्यानंतर त्या घरात जिकडंतिकडं लॅमिनेटचे तुकडे झाले. सकाळी ते पूर्वेच्या खिडकीत मांडलेले असत, दुपारी पश्चिमेच्या. शेडसाहेबांनी त्यांच्यावर चहा सांडला, बीट चोळलं, शाई ओतली, उकळती किटली ठेवली. आईंनी एक तुकडा हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला आणि टेबल हलायचं थांबल्यावर तो परत द्यायला साफ नकार दिला. दुकानाचा त्यासाठी फोन येऊ लागला. शेडसाहेब फोनवर सांगत, की अजून विचार चालू आहे.

समोरच्या काकूंना खबर लागायला कितीसा वेळ लागणार? त्या हातातलं विणकाम घेऊनच आल्या. "पांढराशुभ्र घ्या हो," त्या म्हणाल्या. "डाग कसा, दिसला पाहिजे. दिसला तर पुसू." त्यांच्या पाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी आले. निवृत्त झाल्यापासून ते सोसायटीतल्या कुठल्याही दाराआड काही चाललेलं सहन करू शकत नसत. ते म्हणाले, "काळा घ्या. डाग दिसताच कामा नये. दिसलाच नाही तर तो आहे कुठं?" यावर काकू म्हणाल्या, की म्हणूनच जिना एवढा घाण असतो का? मग जिन्यावरून जे सुरू झालं त्यात ओटा बाजूलाच राहिला, आणि दोघांसाठी चहा मात्र जुन्याच ओट्यावर करावा लागला.

बायकोला विचारावं तर ती प्रत्येक तुकड्याकडे बघून "छान आहे" म्हणे. 'शांत राख' छान आहे, 'पहाटेचं धुकं' छान आहे. परीक्षा म्हणून शेडसाहेबांनी नमुन्यांत पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक तुकडा ठेवून बघितला. तोही छान निघाला.

शेवटी त्यांना वाट सापडली ती कपाटाच्या वरच्या फळीवर. तिथं बायकोचा माहेरून आलेला एक चिनीमातीचा वाडगा होता. आधी मऊ फडक्यात, त्यावर कागदात, त्यावर पिशवीत. वर्षातून एखाद्या वेळी ती तो काढायची, हातात घेऊन बसायची, पुसायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. त्याचा रंग कसा होता, हे सांगायला शेडसाहेबांनासुद्धा शब्द नव्हता. हिरवा म्हणावा तर राखाडी, राखाडी म्हणावा तर हिरवा, आणि आतून जरा उन्हं आल्यासारखा. घरात सगळ्यांत जास्त कव्हरं कशाला होती, तर त्याला. एवढी सोपी गोष्ट इतके दिवस आपल्या डोक्यात कशी आली नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाडगा त्यांच्या डब्याच्या पिशवीतून कारखान्यात गेला. तिथल्या खास दिव्याखाली, हात पाठीमागं बांधून, त्यांनी त्याला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं आणि नमुन्यांतून एक तुकडा त्याच्याशेजारी ठेवला. जुळला! इतका जुळला की वाडग्याची कड कुठं संपते ते कळेना. आनंदाच्या भरात ते सहकाऱ्याला बोलवायला गेले आणि परत येतात तो वाडगा गायब. शोधता शोधता तो सापडला मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर. कँटीनवाल्यानं कापलेली फळं त्यातून नेऊन दिली होती आणि साहेब शेवटची फोड काट्यानं टोचत होते. त्या काट्याचा वाडग्यावर होणारा एकेक आवाज शेडसाहेबांच्या काळजात घुसत होता. साहेबांची फोड संपेपर्यंत ते दारात उभे राहिले, मग "हा आमच्या खात्याचा नमुना आहे, सर" असं म्हणून वाडगा छातीशी धरून निघाले. साहेबांनी नंतर बराच वेळ चुळा भरल्या म्हणतात.

घरी तोवर बायकोनं रिकामं फडकं हातात धरून कपाट रिकामं केलं होतं. शेडसाहेबांनी वाडगा गुपचूप चपलांच्या कपाटात ठेवला आणि मग स्वतःच "शोधून" काढला. चपलांमध्ये वाडगा गेला कसा, या प्रश्नाचं उत्तर त्या घरात बरेच दिवस कोणाला मिळालं नाही. संशय आईंवर गेला. आई म्हणाल्या, "मी ठेवला असता तर कव्हरासकट ठेवला असता," आणि त्या निर्दोष सुटल्या.

रंग ठरला, पण ओटा काही होईना. ठोकाठोकीला सोसायटीची परवानगी हवी. परवानगी देणार सेक्रेटरी. नियम असा, की लोक कामावर गेलेले असतील तेव्हाच आवाज करायचा, आणि सेक्रेटरी म्हणजे स्वतः दिवसभर घरी बसणारा माणूस.

"मग मी असताना आवाज झाला, तर तो नियमाच्या विरुद्धच नाही का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही थोडा वेळ बाहेर जाऊन या ना," शेडसाहेब म्हणाले.

"मी बाहेर गेलो तर आवाज नियमात होतोय की नाही, हे बघणार कोण?"

तोड काकूंनी काढली. सेक्रेटरींनी ठोकाठोकीच्या वेळी शेडसाहेबांच्याच घरी बसावं, म्हणजे ते घरी नसतील आणि लक्षही राहील. सेक्रेटरी लगेच कबूल झाले आणि काम चालू असेतोवर दोन्ही वेळचा चहा तिथंच घेत राहिले.

जुना ओटा निघाला आणि सगळं स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीत आलं. शेगडी टीव्हीच्या टेबलावर, भांडी सोफ्यावर, म्हणजे सोफ्याच्या कव्हराच्या कव्हरावर. आरामखुर्चीत कांदेबटाटे. आई तर भलत्याच खूश होत्या. भाजी चिरता चिरता मालिका बघता येते, म्हणून हे कायमचं असंच ठेवायला त्यांची हरकत नव्हती. बायको तेवढी मुकाट्यानं टीव्हीसमोर वाकून फोडणी देई आणि मालिकेतल्या सासूच्या तोंडावर वाफ येई.

ज्या दिवशी सुतार लॅमिनेट बसवणार, नेमकी त्याच दिवशी कारखान्यात तपासणी आली. शेडसाहेबांना जावं लागलं. बायको काकूंकडे स्वयंपाकाला गेली होती. संध्याकाळी शेडसाहेब धावतपळत जिना चढले, तेव्हा काम संपवून सुतार गेलेला होता. सेक्रेटरी मालिकेत डोकं घालून दुसरा चहा पीत होते. आई सोफ्यावर प्रसन्न बसल्या होत्या.

शेडसाहेब स्वयंपाकघराच्या दारात आले, हात पाठीमागं गेले, आणि ते उंबऱ्यातच थबकले.

हा तो रंग नव्हता. हा वाडगा नव्हता. हा कुठला तरी निळसर, गढूळ, दुधात पाणी नव्हे तर पाण्यात दूध घातल्यासारखा रंग होता. त्याला चमक नव्हती, जीव नव्हता.

बायको आली. तिनं दारातून बघितलं. बघत राहिली. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "छान आहे." पुठ्ठ्याला म्हणाली होती तशीच.

शेडसाहेब जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. काकू येऊन म्हणाल्या, "शांत वाटतं हो. दवाखान्यात असतं ना, तसं." सेक्रेटरी म्हणाले, "डाग दिसणार नाहीत. काहीच दिसत नाही म्हणा." आरामखुर्चीत जाऊन बसावं तर तिच्यात अजून कांदे होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोहीम उघडली. विक्रेत्यानं पावती बघितली, नंबर जुळवला आणि हात जोडले. "माल तोच आहे साहेब. तुमच्या घरातला उजेड बघा." शेडसाहेबांनी उजेड बदलला. पिवळा दिवा लावला तर ओटा आजारी दिसे, पांढरा लावला तर गेलेला. खिडकीचा पडदा काढला, तर समोरच्या काकूंना यांच्या कढईतलं दिसू लागलं आणि त्या तिकडून मिठाचं सांगू लागल्या. मग भिंतीचा रंग अंगावर येत असेल म्हणून त्यांनी कारखान्यातून डबा आणला आणि भिंत रंगवली. भिंत फार सुंदर झाली. तिच्याशेजारी ओटा आणखीच वाईट दिसायला लागला.

अखेर त्यांनी कंपनीलाच कळवलं. कंपनीनं उत्तर पाठवलं, की ग्राहकाला रंगातलं काय कळतं याची माहिती द्यावी. या एका वाक्यानं शेडसाहेबांचं रक्त उकळलं. इतकी वर्षं मारलेले शिक्के त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. त्यांनी असं काही सणसणीत उत्तर धाडलं, की कंपनीनं थेट आपला तपासनीसच पाठवला.

तपासनीस कोट घालून आला. त्याच्या पेटीत रंग मोजायचं यंत्र होतं. स्वयंपाकघरात सेक्रेटरी सोसायटीच्या वतीनं उभे होते आणि काकू खिडकीतून बघण्याऐवजी आज जातीनं हजर होत्या. बायको कडेला उभी होती. आई स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या.

तपासनीसानं यंत्र ओट्यावर ठेवलं. यंत्र किणकिणलं.

"जुळत नाही," तो म्हणाला.

शेडसाहेबांची छाती फुगली आणि त्याच क्षणी खाली गेली. आपण बरोबर ठरलो, पण ओटा तोच राहिला.

"विचित्र आहे," असं म्हणत तपासनीस वाकला आणि त्यानं कडेला नख लावलं. तशा आई शेंगा टाकून उठल्या.

"अहो, अहो! नख काय लावताय? कव्हर फाटेल ना!"

तपासनीसाचं नख तिथंच थांबलं.

"आई," शेडसाहेब म्हणाले, "कसलं कव्हर?"

"वरचं. येतं ना दुकानातून चिकटवलेलं, ते. सुतार ओढून काढायला निघाला होता. मी म्हटलं, खबरदार! कडासुद्धा त्याच्याकडून नीट दाबून घेतल्या मी, पारदर्शक पट्टी लावून. जरा म्हणून कळतं का कुठं?"

"मी ओट्यावरून घरदार डोक्यावर घेतलं, भिंत रंगवली, कंपनीशी भांडलो, तेव्हा तू काहीच कशी बोलली नाहीस?"

"तू रंगाचं बोलत होतास. कव्हराचं कोणी विचारलं? मी म्हटलं, रंग काय, कव्हर काढल्यावर दिसेलच."

"आणि ते कधी काढणार होतीस?"

"जुना झाला की."

सेक्रेटरींना ठसका लागला. बायकोनं पदर तोंडाला लावला. "शेगडीपाशी फुगा आला होता त्याला," ती हळूच म्हणाली. "मला तेव्हाच शंका आली होती. पण मी बोलणार नव्हते ना."

शेडसाहेबांनी हात पाठीमागून सोडवले आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादा रंग बोटांनी चाचपला. खरंच की, बोटाखाली प्लास्टिक सरकत होतं. आंधळ्यालाही कळलं असतं; कळलं नव्हतं ते एका शेडसाहेबांनाच. पण लाज वाटण्याआधी त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी येऊन उभं राहिलं.

"आई, पण तू ते ठेवलंसच का?"

"का म्हणजे?" आईंना प्रश्नच कळेना. "आवडला म्हणून! सुतारानं एक कोपरा उचलला होता, तेवढ्यात बघितला मी. काय रंग आहे रे! म्हटलं, पोरानं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आणलंय, ते असं उघडं टाकायचं?"

शेडसाहेबांनी कोपरा धरला आणि ओढला. लांबच लांब आवाज करत तो निळसर पापुद्रा निघत गेला, आणि त्याच्याखालून हिरवा म्हणावा तर राखाडी, राखाडी म्हणावा तर हिरवा असा तो रंग, आतून उन्हं आल्यासारखा, भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरत गेला. काकूंच्या विणकामाच्या सुया थांबल्या. तपासनीसानं यंत्र लावलं, ते किणकिणलं, आणि "जुळतं," म्हणून त्यानं पेटी बंद केली.

बायको बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती. तिनं पिशवी काढली, कागद काढला, फडकं काढलं आणि वाडगा ओट्यावर ठेवला. ओटा कुठं संपतो आणि वाडगा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं शेडसाहेबांकडे बघितलं.

"म्हणजे चपलांच्या कपाटात तुम्ही ठेवला होतात," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

सगळ्यांना चहा झाला. तपासनीसालाही दिला. त्याचा कप बायकोनं ओट्यावर ठेवला, लगेच उचलला, बशीत ठेवला, बशीखाली फडकं घातलं, तरी तिचा जीव राहीना. पाहुणे गेल्यावर ती आईंना म्हणाली, "आई, जेवणाच्या टेबलावरचा तो जाड प्लास्टिकचा कपडा निघेल का हो? या ओट्याला अगदी पुरेल."

"मी तेच म्हणणार होते," आई म्हणाल्या आणि शेंगा सोडून उठल्या.

"अगं, पण मग रंग कसा दिसणार?" शेडसाहेब म्हणाले. म्हणायला हवं म्हणून म्हणाले.

"आपल्याला माहीत आहे ना खाली काय आहे ते," बायको म्हणाली. "तिकडचं टोक धरा बघू."

कपड्यावर मोठमोठी लाल फुलं होती. शेडसाहेबांच्या खात्यात तसला लाल नुसता दिसला असता तरी त्यांनी अख्खा डबा परत पाठवला असता. त्यांनी आपलं टोक धरलं, ताणलं, आणि मधली सुरकुती हातानं नीट पुसून काढली. त्यानंतर घरी कोणी आलं की ते त्याला आधी स्वयंपाकघरात नेत, कपड्याचा एक कोपरा उचलून दाखवत आणि पाहुण्याचं बघून पुरतं होण्याआधीच पुन्हा झाकून टाकत.